एकदाच वापरायचे उपकरण पुन्हा वापरले तर? हाफकिन यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

तुमच्या घरात कोणाचे डायलिसिस चालू असेल किंवा कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल, तर एक प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. वेष्टनावर एकदाच वापरायची म्हणून छापलेली वस्तू रुग्णालय धुऊन पुन्हा वापरते, हे बरोबर आहे का? पेणमधल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अधूनमधून कोणीतरी विचारतेच. कोणी रागाने विचारतो, कारण आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते. कोणी संकोचाने विचारतो, कारण दर वेळी नवी वस्तू घेणे झेपणार नाही हे त्याला ठाऊक असते. आणि अलीकडे कॉलेजात जाणारी मुले वेगळेच विचारतात: रुग्णालयातून रोज एवढे प्लॅस्टिक बाहेर पडते, ते कमी करता येणार नाही का?

हे सगळेच प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर देण्याआधी मी तुम्हाला एका माणसाचे आयुष्य सांगणार आहे. त्याचे नाव तुमच्या ओळखीचे आहे. पेण-रोह्याहून रुग्णाला घेऊन परळला केईएम, टाटा किंवा वाडिया रुग्णालयात गेला असाल, तर जवळच हाफकिन संस्थेची पाटी तुम्ही पाहिली असेल. ती ज्यांच्या नावाने आहे त्या वाल्देमार हाफकिन यांचे आयुष्य एका नीट निर्जंतुक न केलेल्या चिमट्यामुळे उलटेपालटे झाले. आणि त्याच चिमट्यामुळे एका गावातल्या १९ माणसांचा जीव गेला.

ओडेसाहून पॅरिस, पॅरिसहून भारत

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्र शिकले होते. पुढे नोबेल मिळवणारे मेचनिकॉव्ह हे त्यांचे शिक्षक. धर्म बदलला असता तर विद्यापीठात चांगली जागा मिळाली असती, पण ते त्यांनी नाकारले. मग देश सोडून ते आधी जिनिव्हाला आणि तिथून १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे सुरुवातीला जागा होती ती फक्त ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम होता.

या उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. कॉलऱ्याची साथ जिथे खरोखर होती त्या ठिकाणी लस तपासायची म्हणून १८९३ मध्ये ते कोलकात्याला आले. उत्तर भारतात आणि बंगालमध्ये फिरून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. परका माणूस, परकी सुई आणि लोकांच्या मनात धास्ती, अशा परिस्थितीत हे काम चालले होते. त्यातच त्यांना मलेरियाने गाठले आणि काही काळ युरोपात परतावे लागले. पण १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

भायखळ्याची एक खोली

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आल्याचे मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. लोक मुंबई सोडून कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी जाऊ लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी जेमतेम तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

पद्धत साधी होती, पण काळजी मोठी होती. मटणाच्या रश्श्यासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे. गाय किंवा डुक्कर नको म्हणून बकऱ्याचे मांस घेतले. लोकांच्या भावना त्यांनी ओळखल्या होत्या. द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू तुपाखाली लोंबत वाढतात. मग ते सगळे तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. पुढे खडकीला आणि आपल्या खोपोलीच्या वर घाटात लोणावळ्याला ती दिली गेली. प्रत्येक ठिकाणी लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची नोंद वेगवेगळी ठेवली. लस घेतलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी होते.

मागणी वाढली. जागा कमी पडली तेव्हा आगाखान यांनी आपला बंगला दिला, स्वतः लस घेतली आणि आपल्या समाजाला घ्यायला लावली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

मुल्कोवालचा तो दिवस

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला होता. तिथल्या सरकारला खूप लस हवी होती आणि ती लवकर हवी होती. वेळ वाचावा म्हणून हाफकिन यांनी लस तयार करण्याच्या पद्धतीत बदल केला आणि कार्बोलिक आम्ल घालणे थांबवून उष्णतेवर भर दिला. हे लक्षात ठेवा. पुढे याचीच ढाल-तलवार झाली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या मुल्कोवाल नावाच्या गावात १०७ लोकांना लस टोचली गेली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या. आठवडाभरात एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. जबडा आवळला, पाठ ताठ झाली, झटके येऊ लागले. एकोणीसही जण दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

नंतर कळले ते असे. ही बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या द्रावणात थोडा वेळ हलवला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. त्याला वाटले, चिमटा स्वच्छ झाला.

इथे तुम्ही त्या साहाय्यकाला दोष द्यायची घाई करू नका. इंटर्नशिपमध्ये मी स्वतः खाली पडलेली कात्री स्पिरिटने पुसून पुन्हा ट्रेमध्ये ठेवायला निघालो होतो. एका अनुभवी सिस्टरने माझा हात धरला आणि दुसरे पाकीट उघडले. घाई असते, समोर रांग असते, वस्तू डोळ्यांना स्वच्छ दिसते. मुल्कोवालला हात धरणारे कोणी नव्हते.

चिमट्यावर काय राहिले होते

धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात असतात. परिस्थिती प्रतिकूल झाली की ते स्वतःभोवती जाड कवच तयार करतात. त्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात. स्पिरिटने ते मरत नाहीत, जंतुनाशकात थोडा वेळ बुडवून मरत नाहीत, आणि नुसत्या उकळत्या पाण्यातही नक्की मरतील असे सांगता येत नाही. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे वाफ दिली जाते, ती यासाठीच. घरातला प्रेशर कुकर आणि ऑटोक्लेव्ह यांचे तत्त्व एकच आहे. फरक हा की ऑटोक्लेव्हमध्ये तापमान, दाब आणि वेळ मोजून लिहून ठेवतात.

म्हणून स्वच्छ करणे, जंतू कमी करणे आणि निर्जंतुक करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. साबण-पाण्याने पहिली होते, जंतुनाशकाने दुसरी. तिसरीसाठी वाफ, इथिलीन ऑक्साइडसारखा वायू किंवा तशीच सिद्ध झालेली पद्धत लागते. आणि पहिली नीट झाली नाही तर तिसरीही होत नाही, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात.

पाच वर्षांची शिक्षा

मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीचे मत पडले की दोष बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत शिरला. कार्बोलिक आम्ल न घालण्याचा निर्णय हाफकिन यांच्या विरोधात गेला. त्यांना पदावरून दूर केले. ज्यांनी दोन्ही लसी आधी स्वतःच्या अंगावर तपासल्या, त्या माणसावर १९ मृत्यूंचा ठपका बसला. ते लंडनला गेले आणि आपली बाजू मांडत राहिले.

त्यांच्या बाजूने उभी राहिली ती मुख्यतः लिहून ठेवलेली माहिती. बाटली ४१ दिवस आधी भरली होती. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते तर बाटली उघडताच घाण वास आला असता. लस देणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय चिमटा पडल्याची नोंद चौकशीतच आली होती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने सगळा पुरावा पुन्हा तपासला. मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली.

ते भारतात परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यात मर्यादित काम करत ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता तुमच्या प्रश्नाकडे

मुल्कोवालचा चिमटा एकदाच वापरायचा नव्हता. तो पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेला होता. तरीही त्याने जीव घेतला, कारण दोन वापरांमधली पायरी गाळली गेली. म्हणून वस्तू नवी की जुनी, एवढे विचारून भागत नाही. मधल्या वेळात तिचे काय केले, कोणी केले आणि ते कुठे लिहिले आहे, हे विचारायला हवे.

मी लहान असताना दवाखान्यात काचेची सिरिंज उकळून वापरत. मग प्लॅस्टिकची आली आणि ते बरे झाले. नीट निर्जंतुक न केलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे एकट्या २००० या वर्षात जगात सुमारे २ कोटी १० लाख लोकांना हिपॅटायटिस बीचा संसर्ग झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे काही वस्तूंबाबत चर्चेला जागाच नाही.

कधीच पुन्हा वापरू नये: सुई, सिरिंज, सलाईनचा सेट, रक्ताची पिशवी, बोटाला टोचायची लॅन्सेट, लघवीची नळी. अरुंद नळीच्या आतून रक्त पूर्ण निघत नाही आणि ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत असे प्लॅस्टिक टिकत नाही.

पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेले: कात्री, चिमटे, शस्त्रक्रियेची स्टीलची अवजारे, एंडोस्कोप. इथे दर वेळी नवे मागण्याची गरज नाही. ठरलेली पद्धत पाळली जाते का, ते महत्त्वाचे.

मधला गट: डायलायझर, अँजिओप्लास्टीतली काही वायर आणि बलून. तुमचा प्रश्न बहुतेक याच गटाचा असतो. डायलायझर पुन्हा वापरला तर तो फक्त त्याच रुग्णासाठी. त्यावर रुग्णाचे नाव आणि कितवा वापर हे लिहिलेले हवे. धुतल्यावर त्याची क्षमता मोजतात. ती मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की तो टाकून देतात. लावण्याआधी आत जंतुनाशक रसायन उरले नाही ना, याचीही चाचणी करतात. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा डायलायझर पुन्हा वापरत नाहीत. वायर आणि बलूनबाबत मात्र तुम्हाला आधी सांगितले गेले पाहिजे, आणि जुन्या वस्तूचे बिल नव्या वस्तूच्या दराने लागता कामा नये.

कचऱ्याचे काय?

मुलांचा प्रश्नही खरा आहे. जगातल्या हरितगृह वायूंपैकी चार ते पाच टक्के आरोग्यसेवेतून येतात. हृदयाची लय तपासण्याच्या कॅथेटरवर जर्मनीत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कारखान्यात शास्त्रशुद्ध पद्धतीने पुन्हा तयार केलेल्या कॅथेटरमुळे हवामानावरचा भार नव्याच्या तुलनेत जवळपास निम्मा झाल्याचे दिसले. अमेरिकेत असे उपकरण पुन्हा तयार करणाऱ्याला, मग ते रुग्णालय का असेना, मूळ उत्पादकाइतकेच नियम लागू करण्याचे धोरण २००० मध्ये आले. म्हणजे पुनर्वापर शक्य आहे, उपयोगी आहे, पण तो बेसिनमध्ये धुऊन होत नाही.

आणि कचरा कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग तुमच्या हातात आहे. साध्या तापाला, थकव्याला सलाईन लावा किंवा एक इंजेक्शन द्याच, असा आग्रह धरू नका. गोळीने होणाऱ्या कामासाठी लावलेल्या एका सलाईनमागे बाटली, सेट, सुई आणि चिकटपट्टी एवढा कचरा निघतो, आणि धोका वेगळाच.

रुग्णालयात हे विचारा

१. ही वस्तू नवी आहे की पुन्हा वापरलेली? वेष्टनावर वर्तुळातला २ हा आकडा तिरक्या रेषेने खोडलेला असेल, तर उत्पादकाने ती एकदाच वापरण्यासाठी दिली आहे.

२. पुन्हा वापरलेली असेल, तर आमच्याच रुग्णाची की दुसऱ्याची?

३. कोणत्या पद्धतीने निर्जंतुक केली आणि कितवा वापर आहे? याची नोंद दाखवाल का?

४. बिलात तिचा दर कसा लावला आहे?

५. नवी हवी असेल तर किती फरक पडेल?

विचारताना आवाज चढवायची गरज नाही. चांगल्या रुग्णालयात नोंदवही असते आणि ती दाखवण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उत्तर टाळले गेले, तर लेखी मागा. मात्र या शंकेपायी डायलिसिस चुकवू नका. चुकलेल्या डायलिसिसचा धोका फार मोठा आहे. डायलिसिस चालू असताना थंडी वाजली, ताप आला किंवा धाप लागली तर तिथल्या सिस्टरना लगेच सांगा.

घरी हे पाळा

इन्सुलिनची सुई किंवा पेन दुसऱ्या कोणालाही देऊ नका, नवरा-बायकोतही नाही. साखर तपासायची लॅन्सेट प्रत्येकाची वेगळी आणि दर वेळी नवी. नेब्युलायझरचा मास्क मात्र त्याच रुग्णासाठी धुऊन, पूर्ण वाळवून वापरता येतो; तो लगेच फेकू नका. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात विचारून तिथे द्या. घंटागाडीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते. आणि शेतात, रस्त्यावर, गणपतीच्या कारखान्यात मातीत काम करताना जखम झाली, तर ती वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. मुल्कोवालचा जंतू आपल्या मातीतही आहे.

पुढच्या वेळी परळला रुग्णाला घेऊन जाल आणि हाफकिन संस्थेवरून पुढे जाल, तेव्हा त्या १९ जणांनाही आठवा. त्यांची नावे पाटीवर नाहीत. तुमच्या रुग्णाच्या उपकरणाची नोंद आज मागता येते, ती त्यांच्यासारख्यांनी मोजलेल्या किमतीवर. ती मागायला संकोच करू नका.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या रुग्णाबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)